पोंच कोणीं द्यावयाची?

पत्र पेटींत टाकलें म्हणजे तें पोंचलें असें होत नाहीं, ही गोष्ट टपालखात्यानें फार पूर्वींच ओळखिली होती. म्हणूनच ज्यास आपलें पत्र खात्रीनें पोंचावें असें वाटे, तो चार पैसे अधिक भरून तें रजिस्टर करी व त्यास पोंचपावतीचें एक लहानसें कार्ड जोडी. पोस्टमन तें पत्र ज्याचें त्याच्या हातीं देई, कार्डावर त्याची सही घेई, आणि तें कार्ड पाठविणाऱ्याकडे परत येई. लिहितां येत नसेल तर आंगठा. आणि पत्र घेण्याचेंच कोणीं नाकारिलें, तर पोस्टमन तसा शेरा मारून पत्र परत आणी. २०२५ सालापासून रजिस्टर टपाल हें निराळें खातें राहिलें नाहीं. तें स्पीड पोस्टांत मिळविण्यांत आलें. निरोप आतां बहुतेक कागदावांचूनच जातात, तेव्हां ह्यांत नवल नाहीं. परंतु तें कार्ड ज्या प्रश्नांचीं उत्तरें देत असे, ते प्रश्न कांहीं स्पीड पोस्टांत मिळून गेले नाहींत. निरोप कोणीं धाडिला? वाटेंत तो जसाचा तसा राहिला काय? आणि ज्याचा होता त्यास तो मिळाला काय?

आमच्या मीरा-भाईंदरांत सांप्रत असें घर विरळा, कीं जेथें शाळेची सूचना, सोसायटीची नोटीस, विजेच्या बिलाची ताकीद आणि बँकेचा इशारा हीं सर्व एकाच मोबाईलवर येऊन पडत नाहींत. खऱ्या सूचनेचा व खोट्या सूचनेचा पोषाख एकच झाला आहे. म्हणून हा विषय आम्ही शाळेच्या वार्षिकांत घेत आहों.

ह्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणे पोलिसांनीं मीरा रोड येथील कांहीं कचेऱ्यांवर रात्रीं छापे घातले, तेव्हां सातशेंहून अधिक माणसें ताब्यांत घेण्यांत आलीं. त्यांत तरुणांचाच भरणा. तेथें चालणारें काम कोणतें? तर टेलिफोनवरून अमेरिकेंतील लोकांस आपण तेथील प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहों असें भासवावयाचें, तुमचा कर थकला आहे, पोलीस निघालेच आहेत, अशी भीति घालावयाची, आणि पैसे उकळावयाचे. पैसे तरी कशाच्या रूपानें? दुकानांत विकत मिळणाऱ्या भेट-कार्डांवरील आंकड्यांच्या रूपानें! कोणतें सरकार आपला कर भेट-कार्डांनीं घेईल, हा विचार भ्यालेल्या माणसास सुचत नाहीं. भारतांतील अशा टेलिफोन-कचेऱ्यांशीं संगनमत करून पैसे गोळा करणाऱ्या एकवीस जणांस जुलै २०१८ मध्यें अमेरिकेंतील न्यायालयानें शिक्षा ठोठावल्या. त्यांतील मोठींत मोठी वीस वर्षांची होती.

ह्या प्रकरणांत आम्हांस अधिक टोंचते ती गोष्ट निराळी. ज्यांस हे टेलिफोन गेले त्यांपाशीं, कानांत बोलणाऱ्या आवाजास 'तुझा शिक्का दाखीव' असें म्हणण्याचें कांहींच साधन नव्हतें. आवाजावर विश्वास ठेवावा किंवा ठेवूं नये, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. पुढें तोच डाव आमच्याच लोकांवर आला. 'डिजिटल अरेस्ट' ह्या नांवाखालीं पोलीस व न्यायालयें ह्यांच्या खोट्या शिक्क्यांचे कागद मोबाईलवर पाठवून घाबरविण्याचा धंदा इतका माजला, कीं ऑक्टोबर २०२४ मध्यें पंतप्रधानांस आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत लोकांस सावध करावें लागलें. वस्तुतः अशी अटक आमच्या कोणत्याहि कायद्यांत नाहीं. ह्या बाबतींत एक गोष्ट मात्र प्रशंसनीय झाली आहे ती सांगितली पाहिजे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें १ ऑक्टोबर २०१९ पासून असा नियम केला, कीं प्राप्तिकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर संगणकानें दिलेला ओळख-क्रमांक असावा. अपवादाचीं मोजकीं कारणें सोडून, ज्या पत्रावर तो नाहीं तें पत्र निघालेंच नाहीं असें समजावें. क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर घालून पत्राचा खरेपणा कोणासहि पाहतां येतो. खरेपणा सिद्ध करण्याचें ओझें सरकारानें येथें आपल्या शिरावर घेतलें, हें आम्हांस योग्य वाटतें.

निरोपाच्या खरेपणाची ही चिंता आजची नव्हे. पवित्र शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल, कीं पौल आपलीं पत्रें लेखनिकाकडून लिहवून घेत असे; रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत तर तर्तिय नामक लेखनिकानें शेवटीं आपला स्वतःचा नमस्कारहि घातला आहे. पौलाच्या नांवावर भलतीं पत्रें फिरण्याचें भय उत्पन्न झालें, तेव्हां थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस त्यानें स्वहस्तें नमस्कार लिहिला, व प्रत्येक पत्रांत हीच आपली खूण असते असें कळविलें. अक्षर लेखनिकाचें, पण शेवटची ओळ धन्याची.

आमच्या मराठी दप्तरांत ही व्यवस्था फारच रेखीव झाली होती. पत्र कारकुनानें मोडींत लिहावयाचें. माथ्यावर धन्याचा शिक्का. आणि मजकूर जेथें संपे तेथें मोर्तबाचा लहान शिक्का. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील अक्षरांचा भाव 'येथें मर्यादा आहे' असा होता. कित्येक पत्रांच्या शेवटीं 'लेखनसीमा' असें लिहीत. हेतु हा, कीं खालच्या कोऱ्या जागेंत मागाहून कोणीं चार ओळी घुसडूं नयेत. माथ्याचा शिक्का पत्र कोणाचें हें सांगे. तळचें मोर्तब पत्र किती हें सांगे. आणि पोंचेचें काय? वसईच्या १७३७-३९ च्या मोहिमेंत आमच्या भाईंदरजवळील धारावीच्या किल्ल्यासाठीं झुंजी झाल्या. त्या मोहिमेचीं पत्रें पेशवे दप्तरांतून छापून निघालीं आहेत. त्या काळच्या पत्रव्यवहाराची रीत अशी, कीं उत्तर लिहितांना आरंभींच 'पत्र पाठविलें तें पावलें, लिहिलें वर्तमान कळलें' असें म्हणावयाचें. वाचकांनीं ह्या दोन क्रियापदांकडे नीट लक्ष द्यावें. 'पावलें' निराळें, 'कळलें' निराळें. आणि दोन्ही शब्द घेणारा स्वतः लिहितो, पाठविणारा नव्हे. ह्या दोन शब्दांकडे आम्हांस पुढें पुन्हां यावें लागेल.

आतां ज्यास डिजिटल सही म्हणतात ती काय वस्तु आहे तें पाहूं. पुष्कळ लोकांची समजूत अशी, कीं कागदावर सही करून तिचें छायाचित्र काढलें व पत्राखालीं चिकटविलें कीं झाली डिजिटल सही. ही समजूत साफ चुकीची आहे. तसलें चित्र कोणीहि कापून दुसऱ्या पत्रास चिकटवूं शकतो, आणि भामटे नेमकें तेंच करितात. खरी डिजिटल सही चित्र नसून गणित आहे. १९७६ मध्यें डिफी व हेलमन ह्या अमेरिकन विद्वानांनीं तिची कल्पना मांडली, व पुढील वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन ह्या त्रयीनें ती व्यवहारांत आणण्याची एक युक्ति शोधून काढिली. गणिताच्या वर्गांत शिकविलेल्या मूळ संख्या येथें कामास येतात. ८९ व ९७ ह्यांचा गुणाकार ८६३३ हा चौथीचा मुलगाहि करील. पण ८६३३ ही संख्या देऊन तिचे दोन अवयव काढण्यास सांगितलें, तर मॅट्रिकचा विद्यार्थीहि घटकाभर पाटी घेऊन बसेल. मग जी गुणाकाराची संख्या सहाशें सतरा आंकडी आहे तिची काय कथा! त्या युक्तीनें केलेल्या सहींत आज इतक्या मोठ्या संख्या सर्रास वापरल्या जातात, आणि त्यांचे अवयव काढणें आजच्या संगणकांसहि साधलेलें नाहीं.

ह्या गणिताच्या आधारानें प्रत्येकास दोन किल्ल्या मिळतात. एक खाजगी, जी त्यानें कोणासहि दाखवावयाची नाहीं; दुसरी सार्वजनिक, जी सर्वांस खुली. पत्र तयार झालें म्हणजे यंत्र प्रथम त्याच्या सबंध मजकुराचें आंकड्यांत सार काढतें. हें सार असें विलक्षण, कीं मजकुरांत एका काना-मात्रेचा फरक केला तरी तें सर्वस्वी बदलून जातें. त्या सारास खाजगी किल्लीनें कुलूप घातलें म्हणजे झाली सही. घेणाराचें यंत्र सार्वजनिक किल्लीनें तें कुलूप उघडतें, हातीं आलेल्या मजकुराचें सार स्वतः काढतें, व दोन्ही ताडून पाहतें. जुळलीं तर पत्र त्याच धन्याचें आणि जसेंच्या तसें. न जुळलीं तर कोणीं तरी हात घातला आहे. म्हणजे माथ्याचा शिक्का व तळचें मोर्तब हीं दोन्ही एकाच क्रियेंत साधलीं. किल्ली खरोखर त्याच माणसाची, ह्याची हमी देणाऱ्या संस्था निराळ्या असतात. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलांत आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीं सरकारचा नियंत्रक त्यांस परवाने देतो. मृत्युपत्र मात्र ह्या कायद्यानें अजून कागदावरच ठेविलें आहे.

ही विद्या आमच्या घरांत शिरलीहि आहे. महाराष्ट्रांत २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. शालान्त परीक्षेची गुणपत्रिका डिजिलॉकरांत मिळते. परंतु लोक काय करितात? सातबारा छापून घेतात, त्यास प्लास्टिक चढवितात, आणि सही त्या कागदांत आहे असें समजतात. सही कागदांत नसते, ती फाईलींत असते. छापतांच ती मरते, व मागें राहते ती केवळ तिची छाया. म्हणूनच असल्या कागदावर पडताळणीचा क्रमांक किंवा चौकोनी कोड छापलेला असतो, तो पाहावयाचा. उलटपक्षीं कित्येकदां संगणकावर फाईल उघडली कीं सहीपाशीं प्रश्नचिन्ह दिसतें, आणि गृहस्थ घाबरून कागदच खोटा म्हणतात. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ पुष्कळदां इतकाच असतो, कीं त्या यंत्रास हमी देणाऱ्या मूळ संस्थेची ओळख अद्यापि करून दिलेली नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. व्यापारी मंडळी आपल्या सहीची किल्ली हिशेबनिसाच्या फडताळांत ठेवून निर्धास्त असतात. धन्यानें आपला शिक्का मुनिमापाशीं टाकून गांवाला जावें तसेंच हें. ज्या सहीचा गुण असा, कीं केल्यावर 'ती माझी नव्हे' असें म्हणतां येऊं नये, ती दुसऱ्याच्या फडताळांत ठेवणें म्हणजे आपली जीभच गहाण ठेवणें होय. आधारच्या ओटीपीनें जी सही होते तिचीहि तीच गोष्ट. विद्यार्थिमित्रांनो, आईच्या मोबाईलवर आलेला आंकडा कोणास वाचून दाखवाल तर तिचा हात त्याच्या हातीं द्याल, हें लक्षांत असूं द्या.

येथवर झालें तें पाठविणाऱ्याचें. डिजिटल सहीनें निरोप कोणाचा व तो अखंड आहे काय हें कळतें. तो मिळाला कीं नाहीं हें त्या सहीवरून मुळींच कळत नाहीं. हा भेद मोठमोठे लोक विसरतात. कायद्यानें मात्र तो ओळखिला आहे. उपर्युक्त कायद्याच्या बाराव्या कलमांत असें आहे, कीं पोंच आल्याशिवाय हा निरोप बंधनकारक नाहीं अशी अट पाठविणाऱ्यानें घातली असेल, तर पोंच येईपर्यंत निरोप पाठविलाच नाहीं असें धरावें. किती सुंदर नियम! परंतु ही अट घालणें न घालणें पाठविणाऱ्याच्या मर्जीवर सोडलें आहे, हें त्यांतील व्यंग. आणि तेराव्या कलमाप्रमाणें, घेणारानें आपली पेटी नेमून दिली असेल तर निरोप त्या पेटींत शिरतांच तो मिळाला असें होतें. शिरला, एवढेंच पुरे. कोणीं तो पाहिला कीं नाहीं हा प्रश्नच नाहीं. हें 'पावलें' झालें, 'कळलें' नव्हे.

ह्या दोहोंमधील अंतर न्यायालयांसहि जाणवलें आहे. जून २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ति गौतम पटेल ह्यांनीं, कर्जवसुलीच्या एका प्रकरणांत व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस पोंचली असें मानिलें. कारण निरोपाखालच्या खुणांवरून तो नुसता पोंचलाच नव्हे तर उघडलाहि गेला असें दिसत होतें. नोटीस टाळणाऱ्या ऋणकोविषयीं आम्हांस फारशी कींव येत नाहीं. परंतु जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांस बजाविलें, कीं चौकशीस हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवूं नये, कायद्यानें सांगितलेल्या रीतीनेंच ती बजावावी. आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें हा हुकूम सैल करण्याची विनंति फेटाळली, कारण अशा नोटिशीकडे दुर्लक्ष झाल्यास माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो. कोणी म्हणतील ह्यांत विरोध आहे. आम्हांस तो दिसत नाहीं. निरोप न मिळाल्यानें माणसाचें जितकें अधिक जावयाचें, तितकी पोंचेची खात्री अधिक हवी, हाच दोहोंमधला सरळ न्याय आहे.

ती निळी खूण तरी कोणाची? ती घेणाराची सही नव्हे. ती मधल्या कंपनीच्या यंत्राची साक्ष आहे. ती बंद करून ठेवितां येते. शिवाय मोबाईल कोणाच्या हातांत होता हें ती सांगत नाहीं. आमच्याकडे एका घरास एकच मोबाईल असतो, बाप सकाळच्या लोकलनें कामावर जातो, आणि निरोप उघडला जातो तो खेळ खेळत बसलेल्या सात वर्षांच्या पोराकडून. उत्तनचे कोळी बांधव दिवसेंदिवस समुद्रावर असतात. तेथें मोबाईलची हद्द संपते. निरोपाखालीं एकच खूण राहते, आणि इकडे अर्ज भरण्याची तारीख टळून जाते. बंदराला लागतांच दोन खुणा उमटतात, आणि मग कचेरींतून उत्तर मिळतें, 'तुम्हांला निरोप मिळाला होता.' मिळाला होता खरा, तारीख गेल्यावर.

मग घेणाराकडूनच सही घ्यावी, म्हणजे त्याच्या यंत्रानें मिळालेल्या मजकुराचें सार स्वतःच्या किल्लीनें सही करून परत धाडावें, असें सुचतें. युक्ति चांगली, पण एक खोंच आहे: मजकूर वाचून नको वाटला तर तो सही करीलच कशाला? म्हणून तिऱ्हाईत लागतो. पोस्टमन हा असा तिऱ्हाईत होता. इटली देशानें २००५ पासून ई-मेलास असाच पोस्टमन दिला: परवाना दिलेल्या संस्थांमार्फत निरोप जातो, आणि पाठविणारास दोन सही केलेल्या पावत्या मिळतात, एक निरोप स्वीकारल्याची, दुसरी तो समोरच्याच्या पेटींत ठेविल्याची. रजिस्टर पत्राच्या पोंचपावतीइतकेंच त्यांस मोल आहे. २०१४ मध्यें युरोपीय संघानेंहि आपल्या नियमांत अशा टपालास स्थान दिलें. तरीहि तेथें सिद्ध होतें तें 'पावलें' एवढेंच. यंत्र 'कळलें' म्हणूं शकत नाहीं. तो शब्द माणसानेंच लिहावा लागतो.

तेव्हां आमचें म्हणणें असें. सहलीची वेळ, सुटीची बातमी, स्नेहसंमेलनाचें आमंत्रण, हें सारें खुशाल मोबाईलवर जाऊं द्यावें. त्यास कोणी सही मागणार नाहीं. पण ज्या सूचनेस वेळेवर उत्तर न दिल्यास कोणाचें कांहीं हिरावलें जाईल, मग तो परीक्षेचा अर्ज असो, पटावरून नांव कमी करण्याची ताकीद असो, कीं धोकादायक इमारत रिकामी करण्याची महानगरपालिकेची नोटीस असो, तेथें पाठविणाऱ्यानें खरी सही करावी, चित्र चिकटवूं नये. आणि घेणाराची पोंच येईपर्यंत आपलें काम झालें असें मानूं नये. आठ दिवसांत पोंच आली नाहीं, तर कोणीं तरी उठून त्या घरीं जावें. घेणारानें पोंच देण्याचें नाकारिलें, तर दोघां साक्षीदारांसमक्ष पोस्टमनसारखा शेरा मारावा; मग पुढील जबाबदारी घेणाराची. ह्यानें शिक्षकांवर व कारकुनांवर काम वाढेल हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण पांचशें सूचनांत पोंच न आलेल्या किती असतील? वीस-पंचवीस. आणि नेमकीं तींच घरें अशीं, कीं ज्यांस निरोप न मिळाल्याचा फटका अधिक बसतो.

पालक पोंच देण्यास कां कचरतात, ह्याचेंहि एक कारण आहे. सही केली म्हणजे मजकूर मान्य केला, असें त्यांस वाटतें. आणि कित्येक कचेऱ्या त्यांची तशी समजूत मुद्दाम राहूं देतात. म्हणून ज्या पोंचेवर सही मागावयाची, मग ती कागदाची असो वा मोबाईलवरची, तिच्यांत सहीच्या आधीं मराठींत एक ओळ असावी: 'मजकूर मिळाला व कळला; मान्य आहेच असें नव्हे.' आणि त्याखालीं हरकत लिहिण्यास दोन ओळींची कोरी जागा सोडावी.